उसन्या थंडीची वाइन

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या फळबाजारात द्राक्षांचे राज्य असते. नाशिक, तासगाव, बारामती, जुन्नरकडच्या गाड्या रात्रीच घाट उतरून येतात आणि उजाडायच्या आत थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद यांच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात. याच दिवसांत, याच तालुक्यांत काढणीला आलेली काही द्राक्षे मात्र या बाजाराचे तोंड कधी पाहत नाहीत. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यो ही त्यांची नावे. आणून मांडली तरी कुणी बोली लावणार नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया, घड गच्च. मळ्यातून ती थेट वाइनरीत जातात. तिथे त्यांतल्या काहींवर जे संस्कार होतात, ते अडीच-तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या ईशान्येकडच्या शॅम्पेन प्रांतात घडत गेले. त्या पद्धतीचा जन्म कडाक्याच्या थंडीतला. ती सह्याद्रीच्या पूर्वउतारावर, जिथे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथे कशी रुजली याची ही हकिगत आहे.

नवी मुंबईकरांना या व्यवहाराची दोन्ही टोके घरबसल्या दिसू शकतात. 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून नाशिकची खायची द्राक्षे शीतकंटेनरांत भरून रॉटरडॅमकडे जातात आणि उलट्या दिशेने युरोपची वाइन इथे उतरते. तिच्यावर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते, आणि परदेशी कंपन्यांना ‘बाटल्या आणण्यापेक्षा इथेच वाइन केलेली बरी’ असे वाटायला एवढे कारण पुरेसे होते. समुद्रावरून वाइन येणे या किनाऱ्याला नवे नाही. बंदरासमोरच्या घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडून आणि मेसोपोटेमियाकडून आलेल्या मातीच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख आहे आणि इटलीच्या वाइनला तिथे जास्त मागणी असल्याचेही नोंदले आहे. घाटावर फ्रेंच रीतीने वाइन बनू लागली त्याला मात्र जेमतेम चाळीस वर्षे झाली आहेत.

आधी मूळ गावी जाऊ. शॅम्पेनमधले रँस हे शहर साधारण 49 अंश उत्तर अक्षांशावर आहे. नाशिक 20 अंशांवर. रँसच्या आसपास द्राक्षे पिकतात खरी, पण कशीबशी. उन्हाळा तोकडा असल्याने साखर पुरेशी भरत नाही आणि आंबटपणा उतरत नाही. शरद ऋतूत द्राक्षे काढून रस आंबायला ठेवला की पुढच्या काही आठवड्यांत थंडी पडते आणि किण्व, म्हणजे यीस्ट, काम अर्धवट टाकून झोपी जाते. पिंपात थोडी साखर शिल्लक राहते. वसंतात ऊब आली की यीस्ट पुन्हा जागे होते, उरलेली साखर खाते आणि कर्बवायू सोडते. पिंपात हे घडले तर वायू उडून जातो. पण तोवर वाइन बाटलीत भरून बूच मारलेले असेल, तर तो वायू वाइनमध्येच विरघळून राहतो. फसफसणाऱ्या वाइनचा जन्म हा असा, थंडीने केलेल्या खोळंब्यातून झाला.

सुरुवातीला हा दोष मानला जाई. ओव्हिलेच्या मठात 1668 पासून कोठी सांभाळणाऱ्या दोम पेरिन्यों या बेनेडिक्टाइन साधूने शॅम्पेनचा शोध लावला, ही गोष्ट पर्यटकांना अजूनही सांगितली जाते. प्रत्यक्षात तो बुडबुडे टाळण्याच्या खटपटीत होता. त्याचे खरे काम वेगळेच, आणि माझ्या मते जास्त मोलाचे. वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षे एकत्र करून समतोल वाइन साधण्याची कला त्याने वाढवली, आणि शॅम्पेनचा सगळा डोलारा आजही याच मिश्रणकलेवर उभा आहे. साखर घालून वाइन मुद्दाम फसफसवण्याची लेखी नोंद तर इंग्लंडमधली आहे. ख्रिस्तोफर मेरेट याने 1662 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती मांडली. त्यामागे काचेचा इतिहास आहे. इंग्रजांनी जहाजबांधणीसाठी लाकूड राखून ठेवले आणि काचेच्या भट्ट्या दगडी कोळशावर नेल्या. कोळशाच्या जास्त आचेवर घट्ट, जाड काच तयार झाली. फ्रेंचांच्या लाकडावर भाजलेल्या बाटल्या आतल्या दाबाने फुटत. एक फुटली की तिचे तुकडे शेजारणीला फोडत आणि तळघरात अख्खी रांग धडाधड उडत जाई. तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून काम करत.

धंदा जमला तो अठराव्या शतकात. 1728 मध्ये पंधराव्या लुईने वाइन बाटल्यांतून वाहून न्यायला परवानगी दिली. दुसऱ्याच वर्षी र्‍युइनार हे शॅम्पेनचे पहिले घराणे उभे राहिले, 1743 मध्ये क्लोद मोएतने एपर्नेत आपली पेढी काढली. आपल्या गोष्टीला जे घराणे हवे आहे ते मात्र 1785 मधले. फ्लोरेन्स-लुई हाइडसिक हा वेस्टफालियातल्या एका जर्मन पाद्र्याचा मुलगा कापडाच्या व्यापारासाठी रँसला आला आणि वाइनमध्ये शिरला. पुढे पेढी पुतण्यांच्या हाती गेली. क्रिस्तियान हा पुतण्या वारल्यावर त्याच्या विधवेने पेढीतल्याच आंरी-गियोम पिपरशी लग्न केले, आणि घराण्याचे नाव पिपर-हाइडसिक झाले. शंभरी साजरी करताना, 1885 मध्ये, त्यांनी रशियाच्या झारचा जवाहिर फाबर्जे याच्याकडून खास बाटली सजवून घेतली होती. त्यानंतर आणखी शतकभराने या घराण्याची माणसे पुणे जिल्ह्यात माती तपासत फिरणार होती.

शॅम्पेनच्या इतिहासात विधवांचे स्थान मोठे आहे आणि ते योगायोगाचे नाही. फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने धंदा करता येत नसे; विधवेला येई. बार्ब-निकोल क्लिको 1805 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी विधवा झाली आणि तिने सासरची पेढी चालवायला घेतली. नेपोलियनच्या युद्धांनी युरोपची बंदरे अडवून ठेवली असताना, नाकेबंदी उठण्याच्या सुमारास 1814 मध्ये तिने सगळ्यांच्या आधी रशियाकडे माल रवाना केला. त्याहून टिकाऊ काम तिच्या तळघरात 1816 च्या सुमारास झाले. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवले की मेलेल्या यीस्टचा गाळ आत राहतो आणि वाइन गढूळ होते. तो कसा काढायचा? तिच्या तळघरात तिरक्या भोकांच्या फळ्यांवर बाटल्या उलट्या टेकवून रोज थोड्या थोड्या फिरवायची रीत बसवली गेली. गाळ हळूहळू घसरत बुचापाशी येतो. आंत्वान म्युलर हा तिचा तळघरप्रमुख या कामात होता. श्रेय तिचे किती आणि त्याचे किती, हे भांडण इतिहासकारांवर सोडून देऊ.

आता ही पद्धत सुरुवातीपासून पाहू, कारण पुढे जुन्नरकडच्या नारायणगावात आणि नाशिककडच्या दिंडोरीत जे आले ते हेच. द्राक्षे थोडी कच्ची असतानाच, आंबट असताना काढतात. साखर कमी हवी, कारण पुढे आणखी साखर आणि आणखी अल्कोहोल यायचे असते. घड न सोडवता, अख्खेच, हलक्या हाताने दाबतात. शॅम्पेनमधला नियम असा की 4,000 किलो द्राक्षांतून 2,550 लिटरच रस घ्यायचा. त्यातले पहिले 2,050 लिटर उत्तम, उरलेले दुय्यम. जास्त पिळले की सालीतला कडवटपणा आणि रंग उतरतो. पिनो न्वार आणि पिनो मनिए ही काळी द्राक्षे असूनही शॅम्पेन पांढरी असते ती यामुळेच. रंग सालीत असतो, रसात नाही. हा रस टाकीत थंड ठेवून आंबवला की साधी, बेताची, दातांना झोंबणारी आंबट वाइन तयार होते. एकटी ती कुणी आवडीने पिणार नाही.

मग मिश्रण. वेगवेगळ्या मळ्यांच्या, जातींच्या, शॅम्पेनमध्ये तर वेगवेगळ्या वर्षांच्याही वाइन एकत्र करतात. त्यात लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालून बाटल्या भरतात आणि पत्र्याचे बिल्ले ठोकतात. हा 24 चा आकडा सहज हाती लागलेला नाही. लिटरमागे चार ग्रॅम साखरेने बाटलीत साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. सहा वातावरणे हवीत म्हणून 24. शालों गावच्या झां-बातिस्त फ्रांस्वा नावाच्या औषधविक्याने 1836 मध्ये साखरेचे माप काढायची रीत दिली, तेव्हा कुठे बाटल्या फुटण्याला आळा बसला. सहा वातावरणे म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट दाब. हे ऐकल्यावर लग्नमंडपात बाटली हलवून बूच उडवणाऱ्यांपासून मी चार हात लांब उभा राहतो.

बाटल्या आडव्या घालून थंड जागी ठेवतात. रँसखाली खडूच्या दगडात प्राचीन काळापासून खणलेल्या खाणी आहेत. तिथे बारा महिने दहा-बारा अंश तापमान असते. त्या गारव्यात यीस्ट सावकाश काम करते, सावकाश मरते आणि मेल्यावर त्याच्या पेशी विघटित होऊन वाइनमध्ये पाव भाजल्यासारखा, सुक्या मेव्यासारखा वास उतरतो. घाई केली तर बुडबुडे मिळतात, पण हा वास येत नाही. शॅम्पेनच्या नियमांनुसार किमान 15 महिने बाटली तळघरात राहते आणि त्यांतले 12 महिने गाळावर. एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षे. त्यानंतर क्लिको बाईंच्या फळ्या. एका जोडफळीवर 120 बाटल्या. हाताने फिरवणारा तरबेज कामगार दिवसाला चाळीस हजार बाटल्या हाताखालून काढतो. आता हे काम बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यासारखी यंत्रे आठवडाभरात करतात. शेवटी बाटलीचे तोंड गोठणबिंदूच्या खूप खाली नेलेल्या द्रावणात बुडवतात, गाळाचा बर्फाचा खडा होतो, बिल्ला काढताच आतल्या दाबाने तो फटकन बाहेर उडतो. रिकामी झालेली जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरतात. लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर ठेवली तर लेबलवर ‘ब्रूट’. मग बूच आणि त्यावर तारेची टोपी. तिचे पेटंट आदोल्फ जाक्सों याने 1844 मध्ये घेतले.

या सगळ्यात थंडीचा वाटा केवढा आहे ते ध्यानात घ्या. द्राक्षांतला आंबटपणा, टाकीतले संथ किण्वन, तळघरातली वर्षे, तोंडाशी गोठवलेला गाळ. शॅम्पेनवाल्यांना यातली बहुतेक थंडी फुकट मिळते.

श्यामराव चौगुले यांना ती मिळणार नव्हती. मुंबईत व्यवसाय असलेल्या या मराठी उद्योजकाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात शॅम्पेनच्या धर्तीची वाइन करायचे मनावर घेतले आणि थेट पिपर-हाइडसिककडे तांत्रिक मदत मागितली. त्यांचे वाइनतज्ज्ञ आले, जागा पाहिल्या आणि जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ठरले. महाराष्ट्राला नारायणगाव ठाऊक होते ते तमाशाची पंढरी म्हणून, विठाबाईंचे गाव म्हणून. माळशेज किंवा नाणेघाटावरून पलीकडे गेले की लागणारा हा टापू समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच आहे. हिवाळ्यात रात्री गारठतात, दिवसा ऊन लख्ख असते, आणि पाऊस डोंगराने अडवलेला असतो. खाली मुरूम आणि बेसाल्टचा खडक. शॅम्पेनच्या खडूशी त्याचे काहीच साम्य नाही, पण वय जुळते. रँसखालचा खडू आणि सह्याद्रीचा लाव्हा दोन्ही साधारणपणे क्रिटेशिअस कालखंडाच्या उत्तरार्धातले, डायनासोरांच्या अखेरच्या पर्वातले. वाइनच्या चवीला या योगायोगाचा काही उपयोग नाही; मला तो आवडतो एवढेच.

कंपनीचे नाव शॅम्पेन इंडाज. 1980 च्या दशकाच्या मध्यावर तिची फसफसती वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने ब्रिटनसह परदेशी बाजारांत गेली. देशात ‘मार्किस द पॉम्पादूर’ हे नाव प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला खय्याम भेटला होता तो माधव जूलियनांच्या ‘द्राक्षकन्या’मधून, 1931 साली. त्याच्या नावाची द्राक्षकन्या जुन्नरच्या माळावर बाटलीबंद होऊन विलायतेला जाईल, असे माधव जूलियनांना, म्हणजे प्राध्यापक पटवर्धनांना, स्वप्नातही वाटले नसते.

आता खरी अडचण. द्राक्षवेल ही पानगळीची वेल. थंड देशात ती हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, उन्हाळ्यात घड धरते, शरदात पिकते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. मोकळी सोडली तर बाराही महिने वाढत राहील. म्हणून महाराष्ट्राच्या बागायतदाराने कात्रीने ऋतू बनवले. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळे कापून टाकायचे, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे तयार होतात. पावसाळाभर त्या काड्या केवडा आणि भुरी या रोगांपासून सांभाळायच्या. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी: काडी हव्या त्या डोळ्यावर कापायची आणि फूट एकसारखी यावी म्हणून डोळ्यांना औषध लावायचे. त्यानंतर घड. दोन छाटण्या, पीक एकच. हे तंत्र वाइनवाल्यांनी शोधले नाही. खायच्या द्राक्षांसाठी नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांनी ते आधीच पक्के केले होते. फ्रेंच माणसांना ते इथे येऊन शिकावे लागले, ही बाब वाइनवरच्या चकचकीत लिखाणात सहसा येत नाही.

या उलट्या पंचांगाचा परिणाम मोठा आहे. रँसमध्ये द्राक्ष पिकत असताना दिवस गार होत जातात. नाशिक-जुन्नरमध्ये ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढते आणि उकाडा चढत असताना पिकते. उष्णतेत द्राक्षातले मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकते. साखर भराभर चढते आणि आंबटपणा ढासळतो. तोडणीची योग्य वेळ काही दिवसांचीच असते, चुकली तर वाइन पांचट होते. म्हणून पहाटे, गारव्यात तोडायचे आणि ऊन चढायच्या आत वाइनरीत पोहोचवायचे.

यातूनच एक अनपेक्षित फायदा निघतो. शांत, म्हणजे न फसफसणाऱ्या, लाल वाइनला पूर्ण पिकलेली द्राक्षे लागतात, ती उन्हाच्या तडाख्यात पिकवायला नशीब लागते. फसफसत्या वाइनला मात्र कमी साखरेची, आंबट द्राक्षेच हवी असतात, आणि ती महाराष्ट्रात उकाडा सुरू व्हायच्या आधी, थंडीत हाती येतात. फ्रान्सकडून घ्यायचे तर बोर्दोच्या लाल वाइनपेक्षा शॅम्पेनची रीत आपल्या हवामानाला अधिक मानवते, असे माझे मत आहे. चौगुल्यांनी सुरुवात नेमकी तिथून केली. त्यात दूरदृष्टी किती आणि शॅम्पेन या नावाचे आकर्षण किती, ते सांगणे कठीण.

उरलेली थंडी विकत घ्यावी लागते. दुहेरी भिंतीच्या पोलादी टाक्या, त्यांभोवती फिरणारे शीतद्रव, वातानुकूलित कोठारे. किण्वनात स्वतःची उष्णता निर्माण होते. ती काढून घेतली नाही तर फळाचा सुगंध उडून जातो. राज्यात भारनियमन चालू असलेल्या वर्षांत जनरेटरशिवाय वाइनरी चालवणे शक्य नव्हते. ज्या गोष्टीसाठी रँसमध्ये फक्त जिना उतरावा लागतो, तिच्यासाठी इथे विजेचे बिल येते.

खुंटाचीही तीच गंमत आहे. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. उपायही अमेरिकेतूनच आला: किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी जंगली वेलींच्या खुंटावर फ्रेंच काडीचे कलम. आज महाराष्ट्रातही द्राक्ष कलमावरच लावतात, डॉगरिज आणि 110 आर हे खुंट इथल्या बागायतदारांच्या तोंडी आहेत. पण आपल्याकडे ते आले दुष्काळ आणि क्षारयुक्त पाणी-जमिनीसाठी. पुण्याजवळ मांजरीला 1997 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे बरेच काम या खुंटांवर आहे.

इंडाजच्या पाठोपाठ कंवल ग्रोव्हर यांनी बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी मळा केला, तोही मम या शॅम्पेन घराण्यातल्या जॉर्ज व्हेसेल यांच्या सल्ल्याने; त्यांची कंपनी पुढे इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावच्या वाइनरीशी जोडली गेली. नाशिकमध्ये राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर 1997 मध्ये सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली आणि सुला उभी राहिली. सामंतांचे सल्लागार कॅलिफोर्नियाचे होते. सुलाने फसफसती वाइनही केली, बाटलीतच आंबवून. पण तिची ओळख झाली ती शांत पांढऱ्या वाइनने आणि मळ्यात येऊन वाइन चाखण्याच्या पर्यटनाने.

राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, उत्पादन शुल्कात सूट दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. वाइनऱ्या भराभर निघाल्या. मग 2008 ची मंदी आली. परदेशांत वाइनऱ्या विकत घेत सुटलेला इंडाज समूह कर्जाखाली कोसळला, आणि ‘ओमर खय्याम’ बाजारातून गेली. छोट्या वाइनऱ्याही बुडाल्या. फटका बसला तो शेतकऱ्याला. खायच्या द्राक्षाचा दर पडला तर तासगावात त्याचा बेदाणा होतो. वाइनच्या बियाळ द्राक्षाचा बेदाणा कुणी खात नाही आणि वाशीला त्याला गिऱ्हाईक नाही. वाइनरीने पाठ फिरवली की माल मातीमोल. त्या काळात अनेकांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा थॉमसन लावली. करार करताना या एकाच गिऱ्हाइकावर सगळे अवलंबून असते, हे 2001 च्या उत्साहात फारसे कुणी बोलले नव्हते.

पुढचे फ्रेंच पाऊल मदतीचे नव्हते, मालकीचे होते. मोएत घराण्याने शॅम्पेनबाहेर फसफसती वाइन करायला 1959 मध्ये अर्जेंटिनापासून सुरुवात केली होती. कॅलिफोर्निया, ब्राझील, ऑस्ट्रेलिया झाल्यावर 2013 मध्ये चीन आणि भारत. भारतातली ‘शाँदों’ दिंडोरी तालुक्यात बनते. तिच्यात शार्दोने आणि पिनो न्वारच्या जोडीला शेनिन ब्लाँ असते. शेनिन मूळची लुआर नदीच्या खोऱ्यातली, शॅम्पेनमध्ये तिला स्थान नाही. नाशिकच्या उन्हातही ती आंबटपणा टिकवून धरते, म्हणून इथे तिला मान. गुलाबी वाइनसाठी शिराझ वापरतात. तीही शॅम्पेनला परकी.

या बाटलीवर ‘शॅम्पेन’ लिहिता येत नाही, मालक शॅम्पेनमधला असला तरी. ते नाव त्या प्रांताचे, भारतातही ते भौगोलिक मानांकनाखाली राखलेले आहे. युरोपात 1994 पासून ‘शॅम्पेन पद्धतीची’ असेही लिहायची मुभा उरली नाही. ‘पारंपरिक पद्धत’ एवढेच म्हणायचे. त्या दृष्टीने ‘शॅम्पेन इंडाज’ हे कंपनीचे नाव आज काढायचे म्हटले तर वकील दारात उभे राहतील. आपली ‘नाशिक व्हॅली वाइन’ही मानांकित आहे. गावावरून वाइन ओळखायची रीत काही फ्रेंचांची मिरासदारी नाही: कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त द्राक्षाच्या मद्याला त्याच्या मुलखावरून कापिशायन आणि हारहूरक अशी नावे दिली आहेत, आणि कापिशीचे ते मद्य पाणिनीलाही ठाऊक होते.

दरम्यान थंडीचा हिशेब फ्रान्समध्येच बदलू लागला आहे. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत शॅम्पेनमध्ये तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली, तेव्हा ते अघटित वाटले होते. त्यानंतर ऑगस्टची तोडणी अनेकदा झाली आहे. तेतँजे या रँसच्या घराण्याने 2017 मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात वेली लावल्या. तिथेही जमिनीखाली खडू आहे आणि उन्हाळा आता द्राक्षापुरता ऊबदार झाला आहे. इकडे नाशिकची डोकेदुखी पावसाची आहे. गोडी छाटणी झाल्यावर फुलोऱ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस गाठतो, केवड्याने घड कुजतात आणि फेब्रुवारी-मार्चची गारपीट तयार माल झोडपून जाते.

तिकडे शॅम्पेनमधले वाइनकार पूर्वी तीव्र आंबटपणा मवाळ करण्यासाठी वाइनमध्ये जिवाणूंकरवी मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करवून घेत. तिथे हा जवळजवळ शिरस्ता होता. उष्ण वर्षांत आता काही घराणी हे परिवर्तन काही टाक्यांत मुद्दाम थांबवतात. रस थंड ठेवून, जिवाणू गाळून, मॅलिक आम्ल आहे तसे राखून ठेवतात.